दोन इंच मोकळं

बायको गेली त्या दिवशी मला ते दीड तास उशिरा कळलं. मी दुकानात एका खुर्चीच्या पाठीवर कापड ताणत होतो. आमच्या धंद्यात बारीक खिळे तोंडात धरावे लागतात, कारण एका हाताने कापड ओढायचं असतं आणि दुसऱ्या हातात हातोडी असते. फोन कापसाच्या ढिगाऱ्याखाली कुठेतरी वाजून वाजून बंद झाला असणार. दारात किल्लीदार येऊन उभा राहिला. टोपी हातात होती. माझं तोंड खिळ्यांनी भरलेलं, त्यामुळे काय रे, आज इकडे कुठे, एवढंही मला विचारता आलं नाही.

तो म्हणाला, "वहिनी गेल्या. सव्वा अकराला. मी होतो जवळ."

मी एकेक खिळा तळहातावर काढला. घाईने काढले असते तर एखादा पोटात गेला असता. तेवढा वेळ तो तसाच उभा होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो, कारण खोटं लिहून काही उपयोग नाही. मला वाटलं, ह्याला माझ्या आधी कळलं.

किल्लीदार म्हणजे आमच्या चर्चची देखभाल करणारा. दारांच्या, कपाटांच्या, घंटेच्या खोलीच्या अशा सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला, म्हणून सगळे त्याला किल्लीदार म्हणतात. वयाने माझ्याएवढाच. लग्न केलं नाही. माझी बायको बावीस वर्षं चर्चची कापडं सांभाळत होती. वेदीवरची चादर, फादरांचे झगे, पडदे, सगळं तीच शिवायची, धुवायची, इस्त्री करायची. वेदीमागच्या खोलीत तिचं मशीन होतं. त्या दिवशीही ती तिथेच शिवत बसली होती. छातीत दुखायला लागलं तेव्हा किल्लीदाराने गाडी बोलावली, तिला हॉस्पिटलात नेलं, तिच्याजवळ बसला. सगळं बरोबरच केलं त्याने. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. पण मी त्याच्या जागी नव्हतो.

दफनाच्या वेळी तो हमसून रडला. मला रडू आलं नाही. लोक माझा हात हातात घेऊन दोन शब्द बोलायचे आणि मग त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. एक म्हातारी त्याला म्हणाली, "तुझा उजवा हात गेला रे बाबा." मी शेजारीच उभा होतो. माझं काय गेलं ते तिने सांगितलं नाही.

त्यानंतर अकरा दिवसांनी राखेचा बुधवार आला आणि उपवासकाळ सुरू झाला. हा काळ चाळीस दिवसांचा. आमच्याकडे आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिळालेली झावळी प्रत्येक जण घरी क्रूसामागे खोचून ठेवतो. वर्षभर ती वाळते. मग उपवासकाळाच्या आधी सगळे ती चर्चमध्ये आणून देतात, ती जाळतात आणि त्याच राखेने कपाळावर क्रूस काढतात. ज्या झावळ्या हलवून आपण येशू राजाचा जयजयकार केला, त्यांचीच राख आपल्या कपाळी. आपल्या जयजयकाराची किंमत काय, ते त्यात कळतं, असं फादर सांगतात.

आमच्या घरची झावळी बायकोने विणून तिचा छोटा क्रूस केला होता. मी तो दिला नाही. किल्लीदार पिशवी घेऊन घरोघर फिरत आमच्याकडे आला, तेव्हा मी म्हणालो, "आमच्याकडे नाही. उंदराने खाल्ली." मागच्या भिंतीवर ती त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं."

राख चाळायचं कामही तिचंच असायचं. जुन्या मलमलीतून ती इतकी बारीक चाळायची की कपाळावर पावडरसारखी बसायची. ह्या वर्षी किल्लीदाराने चाळली. फादरांनी माझ्या कपाळावर अंगठा टेकवला, "तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस, याची आठवण ठेव," असं म्हणाले, आणि राखेचा एक खडा माझ्या नाकावरून घरंगळत शर्टाच्या खिशात पडला. सगळ्यांची तीच गत. मागून कुणीतरी कुजबुजलं, "ती असती तर असं झालं नसतं." मला बरं वाटलं. आजवर चर्चमधल्या कुठल्याच प्रार्थनेला, कुठल्याच मिस्सेला मला इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि ते का वाटलं ते मला कळत होतं.

त्या दिवशी मुलगी घरी आली होती. तिने चहा केला. कप हातात घेऊन मी म्हणालो, "तुझी आई आजपासून चाळीस दिवस चहात साखर घालायची नाही."

मुलगी म्हणाली, "बाबा, आई साखर कधीच घालायची नाही. मी शाळेत होते तेव्हापासून."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. तुमच्यासमोर बसून प्यायची की रोज."

आमच्या चर्चची एक रीत आहे. उपवासकाळात जे सोडायचं ते राखेच्या बुधवारी एका माणसाला सांगायचं. एकालाच. त्याने ते मनात ठेवायचं आणि ईस्टरला विचारायचं, पाळलंस का? सांगितल्यावर मोडायला लाज वाटते, म्हणून ही रीत. मी दरवर्षी तंबाखू सोडायचो आणि बायकोला सांगायचो. ती मला साखर सांगायची. ईस्टरला मी विचारायचो, "पाळलंस का?" ती म्हणायची, "हो तर." बावीस वर्षं मी तिच्या हातातल्या कपाकडे बघितलं नव्हतं, हा माझा दोष. पण मग खरं काय सोडायची, आणि ते कुणाला सांगायची?

कुणाला, हे विचारायची गरज नव्हती.

मला एक जुनी गोष्ट आठवली. एका उपवासकाळात मी दुपारी चर्चवरून चाललो होतो. वेदीमागच्या खोलीची खिडकी उघडी होती आणि आतून तिचं हसणं ऐकू आलं. घरी त्या चाळीस दिवसांत ती गप्प असायची. रेडिओ बंद, बोलणं कामापुरतं. मी समजायचो, उपवास आहे. आणि इथे ती हसत होती, पोट धरून हसल्यासारखी. मी थांबलो नाही. घरी आल्यावर विचारलंही नाही. पण ते हसणं मी जपून ठेवलं होतं, आणि आता ते रोज बाहेर काढून बघू लागलो.

उपवासकाळाच्या पाचव्या रविवारच्या आदल्या दिवशी चर्चमधल्या मूर्ती आणि क्रूस जांभळ्या कापडाने झाकतात. क्रूस गुड फ्रायडेपर्यंत आणि मूर्ती ईस्टरपर्यंत झाकलेल्या राहतात. जुनी कापडं विटली होती म्हणून बायको नवीन शिवत होती. पाच झाली होती. सहावं मोठ्या क्रूसाचं, ज्यावर येशूची माणसाएवढी लाकडी मूर्ती आहे, ते पुरं व्हायचं राहिलं होतं. मला कळलं की किल्लीदार ते गायकमंडळातल्या एका बाईला पूर्ण करायला देणार आहे. मी दुकान उघडं टाकून गेलो.

"ते कापड माझ्याकडे दे," मी म्हणालो.

"तू शिवणार?"

"तीस वर्षं काय करतोय मी?"

"तू सोफे शिवतोस."

"मग? सोफ्याला कापड लागत नाही?"

तो हसला, पण फार नाही. "तसं नाही रे. हे वेगळं असतं. वहिनींची पद्धत..."

"वहिनींची पद्धत मला तू शिकवू नकोस," मी म्हणालो. "ती माझी बायको होती."

कपाट उघडून त्याने कापडाची घडी दिली आणि तिची मापांची वही दिली. वही तेलकट झाली होती. घरी आणून मी ती दिव्याखाली धरली. सगळं तिचं अक्षर, पण मोठ्या क्रूसाच्या पानावर किल्लीदाराचं होतं. उंची, हातांची रुंदी, आणि खाली एक ओळ: चहूबाजूंनी दोन इंच मोकळं सोडा. सोडा. म्हणजे तो तिला सांगत होता, असं कर, तसं कर. शिवणाऱ्या बाईला, जिने आयुष्यभर सुई धरली तिला, हा किल्ल्या वाजवणारा माणूस सांगणार, किती मोकळं सोडायचं. आमच्या धंद्यात सैल कापड म्हणजे बेअब्रू. खुर्चीवर सुरकुती दिसली तर मी गिऱ्हाईकाला तोंड दाखवत नाही. मी त्या ओळीवर आडवी रेघ मारली.

कापड उलगडलं तेव्हा खालच्या काठावर तिची सुई तशीच होती. हाताने तुरपाई करत ती डावीकडून उजवीकडे आली होती आणि शेवटच्या दोन विती राहिल्या होत्या. दोऱ्याचं टोक लोंबत होतं. मी बराच वेळ त्याला हात लावला नाही.

माप मी स्वतः घेतलं. किल्लीदार शिडी धरायला आला, मी म्हणालो नको. शिडी भिंतीला टेकवून एकटा वर गेलो, हातांचं माप वेगळं घेतलं, धडाचं वेगळं, गुडघ्यांशी वेगळं. बायकोने कापड चादरीसारखं सरळ सोडलं होतं, दोन्ही हातांवरून खाली पडेल असं. मला ते अर्धवट काम वाटलं. मी बाजू कापल्या. हातांना बाह्या दिल्या. कडेला सोफ्यासारखं दोरी भरून पायपिंग घातलं, पाठीमागे उशीच्या खोळीला लावतो तशी चेन लावली. उजव्या बाजूचा जो तुकडा निघाला त्यातच तिची सुई आणि त्या दोन विती होत्या. तो मी घडी करून घरी कपाटाच्या खणात ठेवला. तेवढा तरी माझा, असं मला वाटलं. चर्चकडे तिचं सगळं होतंच.

पंधरा दिवस मी दुकानाचं दुसरं काम घेतलं नाही. इतकं सुबक काम मी कुठल्याच गिऱ्हाइकासाठी केलं नव्हतं.

शनिवारी दुपारी झाकायचं काम होतं. पाच मूर्तींवर तिची कापडं चढली. ती नुसती पडली, आणि आत कोण आहे ते कळेनासं झालं. मग माझं. मी आणि किल्लीदाराने ते क्रूसावर चढवलं, मी मागून चेन ओढली आणि खाली उतरलो.

फादर होते, गायकमंडळाच्या चारपाच बायका होत्या. मी वर बघितलं. कापडावर एकही सुरकुती नव्हती. नाक दिसत होतं. बरगड्या एकेक करून दिसत होत्या. पोटाची खळगी, वाकलेले गुडघे, एकावर एक ठेवलेली पावलं. उघडा होता तेव्हाही तो इतका उघडा दिसत नव्हता. जांभळी कातडी चढवल्यासारखा.

मागून एक बाई हळूच म्हणाली, "ह्यावर बसायचं की काय?" आणि दुसरीने तिला कोपर मारलं.

फादर माझ्याजवळ आले. ते वयाने माझ्या मुलीएवढे आहेत, पण मला कधी टोचून बोलले नाहीत. म्हणाले, "काम फार चांगलं आहे, काका. पण हे झाकणं डोळ्यांच्या उपवासासाठी असतं. रोज बघून बघून आपल्याला तो दिसेनासा होतो. म्हणून दोन आठवडे बघायला मिळू नये, आणि मग गुड फ्रायडेला कापड निघालं की पहिल्यांदा बघितल्यासारखं बघावं. हे असं राहिलं तर कापड असूनही लोक त्यालाच बघत राहतील." मग म्हणाले, "जुनं कापड आहे अजून. ते लावू या का?"

मी वेदीमागच्या खोलीत जाऊन बसलो. तिच्या मशीनसमोरच्या स्टुलावर. त्या स्टुलाची गादी मीच भरून दिली होती, ती एका बाजूने दबली होती.

किल्लीदार मागून आला आणि दार लोटून घेतलं.

"ये," मी म्हणालो. "हस."

"हसायला नाही आलो."

"इथे हसायची सवय आहे तुम्हा दोघांना. मी ऐकलंय."

त्याने भुवया उंचावल्या. मी मग सगळं ओकलो. साखर, खिडकी, दीड तास, दफनाच्या वेळचं रडणं. शेवटी म्हणालो, "काय सोडायची ते ती तुला सांगायची. खरं की नाही?"

"खरं."

"काय सोडायची?"

"ते सांगायचं नसतं. तुला माहीत आहे."

"ती गेली. आता कुणाचा उपवास मोडणार आहे?"

किल्लीदार कपाटाला टेकून उभा राहिला. कमरेच्या किल्ल्या वाजू नयेत म्हणून त्याने त्या मुठीत धरल्या.

"तुला," तो म्हणाला.

"मला काय?"

"तुला सोडायच्या. म्हणजे तुझ्याबद्दल बोलणं. राखेच्या बुधवारी सकाळी येऊन म्हणायच्या, आजपासून ईस्टरपर्यंत ह्यांचा विषय बंद. मग मी मुद्दाम विषय काढायचो. काय वहिनी, सोफेवाले काय म्हणतात? त्या दोऱ्याचं टोक दातांत धरायच्या आणि बोलायच्या नाहीत. हसू दाबायच्या. कधी दाबलं जायचं नाही. तेच ऐकलं असशील तू."

मी म्हणालो, "आणि एरवी?"

"एरवी दुसरा विषय होता का? पाहुण्यांकडे गेलात की तू बसायच्या आधी त्यांच्या सोफ्याची उशी उचलून खालची शिवण बघतोस. झोपेत हातोडी मारतोस. मी ऐकून ऐकून कंटाळलो होतो, खरं सांगतो. मला ते चाळीस दिवस सुटीसारखे वाटायचे."

"म्हणजे तक्रारी करायची."

"तक्रारी होत्याच. पण नावडतं सोडून उपवास होतो का रे? जे आवडतं तेच सोडायचं असतं. मग तुला कशा सांगणार होत्या त्या? तुलाच सांगितलं की तुझ्याबद्दल बोलणं झालंच."

मी स्टुलाच्या दबलेल्या बाजूवर हात ठेवला. माझ्या मनात जे आलं तेही चांगलं नव्हतं. मला वाटलं, म्हणजे माझ्याबद्दलचं बोलणंही सगळं ह्याच्याकडेच आहे. बावीस वर्षांचं.

"आणि ती ओळ," तो म्हणाला. "दोन इंच मोकळं. तू तिच्यावर रेघ मारलीस, वही परत दिलीस तेव्हा मी बघितलं. ती माझी नाही. वहिनी चष्मा घरी विसरल्या होत्या. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो."

संध्याकाळी मी क्रूसावरचं कापड उतरवून आणलं आणि रविवारी उजाडताच दुकान उघडलं. कापलेल्या पट्ट्या मी टाकल्या नव्हत्या, आमच्या धंद्यात कुणी टाकत नाही. चेन काढली, बाह्या उसवल्या, पायपिंग उसवलं आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या परत जोडल्या. डावी बाजू झाली. उजवीकडे तळाशी एक चौकोन कमी पडत होता. तो कपाटाच्या खणात होता. दुसऱ्या कुठल्या कापडाचा तुकडा चालेल का, म्हणून मी दुकानभर शोधलं. जांभळं होतं, पण ते जांभळं नव्हतं. शेवटी घरी जाऊन तो घेऊन आलो आणि लावला. सुई तेवढी काढून ठेवली.

मिस्सेच्या आधी मी चर्चमध्ये पोचलो. किल्लीदाराने शिडी धरली आणि मी ती धरू दिली. कापड खाली पडलं, आणि आत कोण आहे ते कळेनासं झालं. जवळून बघितलं तर जोडाच्या शिवणी दिसत होत्या. लांबून नाही.

ईस्टर होऊन आता तीन आठवडे झाले. कापड धुऊन, घडी करून कपाटात आहे, किल्ली त्याच्या कमरेला. ईस्टरच्या सकाळी तो मला म्हणाला होता, "ये एखाद्या दुपारी. आठवेल तेवढं सांगतो." मी बघू म्हणालो. अजून गेलेलो नाही. त्याच्या तोंडून ऐकायचं म्हटलं की मी दुकानात काहीतरी काम काढून बसतो, आणि न ऐकावं तर तेही जमत नाही.

तिचा विणलेला क्रूस भिंतीवरच आहे, मी तो दिलेला नाही. सुई माझ्या दुकानात खिळ्यांच्या डबीत आहे. त्या काठाची उजवीकडची दोन विती तुरपाई अजून करायची राहिली आहे.